घरापुरता आवाज

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी दापोडी आणि कासारवाडी मागें टाकून पिंपरीच्या स्थानकांत शिरते, तेव्हां नवख्या प्रवाशाच्या कानांस प्रथम जाणवतो तो येथला घोष. गाडी थांबली तरी तो थांबत नाहीं. महामार्गावरील अवजड वाहनें, कारखान्यांचे पंखे, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचे एका लयींतले घाव आणि मधूनच पाळी सुटल्याचा भोंगा, अशा अनेक नादांचा मिळून तो झालेला असतो. भोसरी, मोशी ओलांडून थेट चाकणपर्यंत तो प्रवाशाची सोबत करतो. ह्या घोषाच्या मुलुखांत एक अत्यंत हळू बोलणारी वस्तु घडविण्यासाठीं आम्हीं जी भ्रमंती केली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा मुलूख मुळांत मोठा शांत. पवना आणि इंद्रायणी ह्या दोन नद्यांच्या आधारानें तो वसलेला. इंद्रायणीच्या कांठीं देहू आणि आळंदी हीं दोन तीर्थें, पवनेच्या कांठीं चिंचवडास मोरया गोसावींची समाधि. ह्या क्षेत्रांना येणाऱ्या वाटा शेतांतून जात. उत्तरेस चाकणचा लहानसा भुईकोट किल्ला, संग्रामदुर्ग. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर लोकांनिशीं शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला तेथें जवळजवळ दोन महिने थोपवून धरिलें होतें. पुढें १९५४ सालीं पेनिसिलिन तयार करण्यासाठीं ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना पिंपरीस स्थापन झाला; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें आणि शेतांच्या जागीं भूखंडांचे आंकडे पडूं लागले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या चार गांवांची मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली, आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. एवढ्यानेंहि जागा पुरेना, तेव्हां कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणास पोंचली. कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें तें गांव आज मोटारींचें गांव म्हणून देशोदेशीं ओळखलें जातें.

आमचें बिऱ्हाड चिंचवडगांवांत आहे. थोरले बंधु, वहिनी, ब्यायशीं वर्षांच्या काकू, पुतण्या, सूनबाई, दोन नातवंडें आणि मी, असा आमचा परिवार. पुतण्या चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत अभियंता आहे. रात्रीं जेवणें झालीं म्हणजे आम्ही सर्वजण एकाच खोलींत बसतों खरे. परंतु प्रत्येकाच्या कानांत आपापली बोंडें असतात, आणि एकाच छपराखालीं सहा माणसें सहा निरनिराळीं गाणीं ऐकत असतात. काकूंना तीं बोंडें कानांत राहत नाहींत. त्यामुळें त्या सर्वांच्या मध्यें बसून कांहींच ऐकत नाहींत. हें दृश्य आतां पुष्कळ घरांतून दिसतें. म्हणून त्याचें वर्णन लांबवीत नाहीं.

गेल्या वर्षीं पुतण्यानें टपालानें एक पेटी मागविली. तिच्यांत कांचेचे तीन दिवे, त्यांच्या खोबण्या, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, कांहीं कंडेन्सर, तारा आणि एक आंकृति असा संच होता. ह्यांपासून हातानें एक अॅम्प्लिफायर, म्हणजे ध्वनि वाढविणारें यंत्र, जुळवावयाचें होतें. वहिनींनीं सरळ प्रश्न केला, “अरे, दुकानांत हाताएवढा डबा मिळतो, तो याच्या वीसपट मोठ्यानें वाजतो. मग हा खटाटोप कशाला?”

पुतण्या म्हणाला, “आई, आमच्या कारखान्यांतून रोज शेंकडों गाड्या बाहेर पडतात. पण त्यांतली एकहि मी केली, असें मला म्हणतां येत नाहीं. एक वस्तु पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानें करून पाहायची आहे.”

वहिनींचा प्रश्न अगदीं रास्त होता, आणि त्याचें संपूर्ण उत्तर ह्या वाक्यानें मिळालें असें मीहि म्हणणार नाहीं. तें उत्तर आम्हांस पुढें हिंडतां हिंडतां सांपडलें.

त्या कांचेच्या दिव्यांची थोडी ओळख येथें करून दिली पाहिजे. आमच्या पिढीच्या लोकांना ते ‘व्हॉल्व्ह’ ह्या नांवानें ठाऊक आहेत. आंतील हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत मधोमध एक धातूची नलिका असते. ती तापून लालसर झाली म्हणजे तिच्यावरील लेपांतून विद्युत्कण बाहेर पडूं लागतात, आणि भोंवतींच्या पत्र्याकडे धांव घेतात. ह्या दोहोंच्या मध्यें बारीक तारेची एक जाळी बसविलेली असते. मळ्यांत दारें धरणारा गडी एका लहानशा फळीनें सबंध पाटाचें पाणी वळवितो, त्याप्रमाणें ह्या जाळीवर येणारी अगदीं क्षीण वीज त्या मोठ्या प्रवाहाला कमीजास्त करते. क्षीण नादाची थोर प्रतिकृति पलीकडे मिळते, ती अशी. इंग्लंडांत फ्लेमिंगनें १९०४ सालीं दोन अवयवांची नळी केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेंत डी फॉरेस्टनें तिच्यांत जाळी घातली, आणि रेडिओ, बोलपट, दूरवरचा टेलिफोन ह्या सर्वांचा मार्ग मोकळा झाला. १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर निघाला व त्यानें हळू हळू ह्या दिव्यांची जागा घेतली. तरी निर्वात नळीचें कुळ अगदींच बुडालेलें नाहीं. रुग्णालयांतल्या क्ष-किरण यंत्रांत आणि स्वयंपाकघरांतल्या मायक्रोवेव्ह भट्टींत तिचे वंशज अजून चाकरी करीत आहेत. आपल्या देशांतहि बंगळूरच्या ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या सरकारी कारखान्यानें हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या सहकार्यानें १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. जुन्या बाजारांत त्या कारखान्याच्या छापाचे दिवे कधीं कधीं अजून हातीं लागतात. नवे हवे असल्यास मात्र स्लोव्हाकिया, रशिया अथवा चीनकडे पाहावें लागतें.

आमच्या पेटींतली आंकृति जुन्या घराण्यांतली होती. इंग्लंडांतील मलार्ड कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत घरीं जुळणी करणाऱ्यांसाठीं कांहीं नकाशे प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत लहान ‘तीन-तीन’ ह्या नांवानें ओळखला जाई. कारण त्यांत दिवे तीन आणि शक्तिहि तीनच वॉट. पहिला दिवा ईएफ ८६, क्षीण ध्वनि प्रथम उचलून धरणारा; दुसरा ईएल ८४, कर्णा हालविण्याचें मुख्य काम करणारा; तिसरा ईझेड ८०, घरांतल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेनें वाहावयास लावणारा. हें सर्व मिळून भिंतींतून सुमारें पस्तीस-चाळीस वॉट वीज घेतें आणि ध्वनीच्या रूपानें तीन वॉट परत करतें. बाकीची उष्णता. हिशेबी मनुष्यास हा व्यवहार आंतबट्ट्याचा वाटेल.

परंतु पेटींत दोन वस्तु नव्हत्या. ट्रान्स्फॉर्मर आणि ज्यावर सर्व बसवावयाचें तो धातूचा सांगाडा जड असल्यामुळें टपालखर्च वांचविण्यासाठीं विक्रेत्यानें वगळले होते. बारीकसारीक सामान पुण्यांत बुधवार पेठेंतल्या तपकीर गल्लींत मिळालें. ह्या दोन वस्तूंसाठीं मात्र आम्हांस आपल्याच दाराबाहेरचा मुलूख हिंडावा लागला. चाळीस वर्षें मी येथें राहत आहें. तरी भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत पायीं कधीं शिरलों नव्हतों.

भोसरीस मोठे कारखाने रस्त्यावर दिसतात. परंतु त्या वसाहतीचा जीव आंतल्या गल्ल्यांत आहे. वीस बाय चाळीस फुटांचे गाळे, वर पत्रा, दारांत कुलिंगचें दुधाळ पाणी आणि धातूचा कीस. एका गाळ्यांत स्प्रिंगा होतात, दुसऱ्यांत रबराच्या चकत्या, तिसऱ्यांत फक्त भोंकें पाडलीं जातात. सातारा, सोलापूर, बीड, जळगांव ह्या जिल्ह्यांतून आलेलीं माणसें, बिहार आणि उत्तर प्रदेशांतून आलेलीं माणसें, सर्व एकाच मशीनभोंवतीं आपापल्या भाषेंत बोलत असतात आणि आवाजामुळें बहुधा हातांनींच बोलतात. कुदळवाडीच्या बाजूस भंगाराच्या वखारींची एक विस्तीर्ण वसाहत होती. महानगरपालिकेनें २०२५ च्या फेब्रुवारींत तीं बांधकामें पाडलीं. पुतण्या म्हणाला, जुन्या रेडिओंचे लोखंडी गाभे पूर्वीं अशाच ठिकाणीं वजनावर मिळत असतील. आतां मोकळ्या पटांगणांत विटांचे ढीग होते आणि त्यांवर बाभळीचे कोंब येऊं लागले होते.

विचारतां विचारतां आम्ही ट्रान्स्फॉर्मर गुंडाळणाऱ्या एका कारागिराच्या गाळ्याशीं पोंचलों. साठीचे गृहस्थ, डोळ्यांवर जाड भिंगें, बोटांना तांब्याच्या तारेचे चरे. पुतण्यानें काम सांगितलें.

“किती केव्हीए?” त्यांनीं मान वर न करतां विचारलें.

“तीन वॉट,” पुतण्या म्हणाला.

त्यांनीं यंत्र थांबविलें. “मोठ्यानें बोला. किती?”

“तीन. नुसते वॉट.”

“अहो साहेब, पॅनेलवरचा जुना लाल दिवा याहून जास्त खायचा!” असें म्हणून ते मोकळेपणानें हंसले. त्यांचे रोजचे ट्रान्स्फॉर्मर मोठमोठ्या यंत्रांच्या विद्युत्फलकांसाठीं जातात. त्यांच्या दृष्टीनें आमची मागणी म्हणजे सोनाराकडे टांचणी मागावी तसा प्रकार होता. परंतु आंकृति पाहिल्यावर ते गंभीर झाले. दिव्याला आपल्यापुढें सुमारें पांच हजार ओहमांचा रोध हवा असतो, आणि कर्ण्याचा रोध असतो अवघा आठ ओहम. ह्या दोघांचा मेळ ट्रान्स्फॉर्मरनें घालावयाचा. त्यासाठीं दिव्याच्या बाजूचे वेढे कर्ण्याच्या बाजूच्या वेढ्यांच्या सुमारें पंचवीसपट लागतात. तेहि सरसकट गुंडाळून चालत नाहीं. थर आलटून पालटून घालावे लागतात, नाहीं तर वरच्या पट्टीचे सूर आंतच अडकून पडतात.

आणखी एक अडचण होती. नेहमींच्या ट्रान्स्फॉर्मरांत इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’ ह्या आकारांच्या पत्र्या एकमेकींत गुंफून घट्ट बसवितात. फट राहिली तर तें काम वाईट समजतात. आमच्या एका दिव्याच्या यंत्रांत प्रवाह सतत एकाच दिशेनें वाहणार, त्यामुळें लोखंड चुंबकत्वानें तट्ट भरून जाऊं नये म्हणून सर्व ‘ई’ एका बाजूस, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें मुद्दाम कागद घालून फट ठेवावी लागते. “चाळीस वर्षें मी फट बुजवतो आहे,” ते म्हणाले, “आणि तुम्ही फट मागायला आलात.” तरी त्यांनीं तें काम घेतलें. दोन वेळां आम्हांस परत पाठविलें. कारण घाईचें मोठें काम मध्यें आलें होतें. तिसऱ्या खेपेस वस्तु तयार होती, दोऱ्यानें बांधलेली, वार्निशाचा वास येणारी. पैसे त्यांनीं तारेचे व पत्र्यांचे घेतले, मजुरी विचारली तेव्हां म्हणाले, “मजुरी राहूं द्या. मी इतक्या वर्षांत हजारों गुंडाळले, पण गुंडाळलेलें काय बोलतें तें कधीं ऐकलें नाहीं. वाजलें कीं बोलवा.”

सांगाड्यासाठीं आम्ही चाकणास गेलों. नाशिकच्या रस्त्यानें मोशी ओलांडली कीं इंद्रायणीचा पूल लागतो. आळंदीस वारकरी जिच्या पाण्यांत स्नान करतात तीच ही नदी. तिच्यावर कित्येकदां साबणाच्या फेंसासारखा पांढरा फेंस तरंगतो, आणि घरांचें व कारखान्यांचें सांडपाणी तिच्यांत मिसळतें ही गोष्ट वर्तमानपत्रांतून वारंवार येते. पुलावर गाडी अडकून उभी होती, म्हणून पुष्कळ वेळ तो फेंस पाहत बसावें लागलें. पुढें आळंदी फाटा, कुरुळी, मग चाकणचा तळेगांव चौक. चौकांत नवीन मोटारी लादलेले लांबलचक ट्रक, कांद्याचे टेम्पो आणि पाळीवर निघालेल्या कामगारांच्या बसगाड्या अशा गुंतलेल्या असतात कीं, वीस मिनिटांच्या वाटेला तास लागतो. बाजूस संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी आहे. तिकडे पाहण्यास कोणाला सवड नसते.

खराबवाडीच्या बाजूस मोटारींसाठीं पत्र्याचे कोनाडे कापणारी एक कार्यशाळा पुतण्याच्या ओळखीची होती. तेथला प्रश्न निराळा निघाला. “किती नग?” तरुण मालकानें विचारलें. “एक.” “सध्यां एक, पुढें किती?” “पुढें कांहीं नाहीं. एकच.” त्याच्या संगणकांत पांचशें नगांच्या खालीं भावच नव्हता! शेवटीं दुपारच्या जेवणाच्या सुटींत त्यानें आंकृति यंत्रास दिली. दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यांत दिव्यांसाठीं तीन वर्तुळें, ट्रान्स्फॉर्मरांसाठीं चौकोन, स्क्रूंसाठीं भोंकें. प्रकाशाच्या त्या सुरीनें मिनिटभराच्या आंत सर्व कापून टाकलें. नकाशा तिला समजावून देण्यांत मात्र तास गेला होता. मालकानें तो एकटा पत्रा हातांत फिरवून पाहिला आणि म्हणाला, “याच्यावर आमच्या कंपनीचा शिक्का नाहीं, गिऱ्हाइकाचा नंबर नाहीं. हा पत्रा कुठला, हें कुणालाच कळणार नाहीं.” हें तो खेदानें म्हणाला कीं कौतुकानें, तें मला सांगतां येत नाहीं.

‘तीन वॉट’ आणि ‘एकच नग’. ह्या दोन शब्दांनीं दोन्ही ठिकाणीं यंत्रें क्षणभर थबकलीं. ह्या मुलुखाचें माप मोठें आहे; तें तसें असण्यांत दोषहि नाहीं. पेनिसिलिन स्वस्त झालें, स्कूटर सामान्य गृहस्थाच्या दारांत आली, हजारों घरांच्या चुली पेटल्या, त्या ह्याच मोठ्या मापानें. पण घराचें माप वेगळें असतें, आणि कारखान्याचें माप घरांत शिरलें कीं काय होतें, तें आम्हांस त्या दिवसांत नीट दिसलें.

पुतण्याच्या फोनमध्यें आवाज मोजण्याची सोय आहे. डेसिबेल ह्या मापाची गंमत अशी कीं, दहा डेसिबेल वाढावयास शक्ति दहापट लागते, आणि कानाला मात्र तेवढ्यानें आवाज सुमारें दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आठ तासांच्या पाळीसाठीं कारखान्यांत नव्वद डेसिबेल ही कायद्याची मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें औद्योगिक वस्तींत दिवसा पंचाहत्तर, राहत्या वस्तींत दिवसा पंचावन्न आणि रात्रीं पंचेचाळीस डेसिबेलच्या पुढें आवाज जाऊं नये. आम्हीं भोसरीच्या गल्लींत मोजला, तो चौऱ्यायशीं भरला. आणि घरीं? पंखा, मिक्सर, दूरदर्शनवरची चर्चा आणि नातवंडांचा खेळ मिळून बासष्ट! मनुष्य ह्याहून वर बोलूं पाहतो, म्हणून ओरडतो. दुसरा त्याच्याहून वर जातो. शेवटीं सर्वजण कानांत बोंडें घालतात. हाताएवढ्या डब्याचा वीसपट आवाज घरांत ज्यासाठीं आणावयाचा, तें कारण हेंच आहे.

आतां तीन वॉटांचा हिशेब पाहा. बऱ्यापैकीं कर्ण्याला एक वॉट दिला, तर एका मीटरवर नव्वद डेसिबेल आवाज निघतो. शांतपणें बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेवढ्याच अंतरावर सुमारें साठ असतो. म्हणजे गाणारा समोर बसून बोलतो आहे इतका आवाज काढावयास एका वॉटाचा हजारावा हिस्सा पुरतो! तीन वॉट ही तर तबल्याच्या थापेसाठीं ठेवलेली श्रीमंती झाली. तिसांचे तीनशें वॉट केले, तरी कानाला दुप्पटच लागणार. तेव्हां घराला शक्ति थोडीच पुरते. खोली मात्र गप्प असावी लागते. दुकानांतला डबा ही दुसरी गोष्ट देऊं शकत नाहीं.

जुळणी पंधरा दिवस चालली. कथलाचा डाख कसा वाहतो, सांधा चकचकीत कां दिसला पाहिजे, दिव्यांना ऊब देणाऱ्या तारा एकमेकींना पीळ घालूनच कां न्याव्या (नाहीं तर कर्ण्यांत भुंगा गुणगुणतो), हें सर्व नातवंडांनीं पाटावर बसून पाहिलें. येथें गृहस्थाश्रमी वाचकांस एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ह्या यंत्राच्या पोटांत सुमारें तीनशें व्होल्ट वीज असते, आणि कळ बंद केल्यावरहि ती कंडेन्सरांत दडून राहते. ती रेझिस्टन्समधून उतरवून, मापकानें शून्य झाल्याची खात्री करूनच हात घालावा. चालू यंत्र तपासतांना एक हात पाठीमागें ठेवावा. सांगाडा तीन पिनांच्या तारेनें जमिनीशीं जोडलेला असावा. आणि तापलेल्या दिव्यांवर लांकडी जाळीची पेटी बसविल्याखेरीज मुलांना जवळ येऊं देऊं नये. ज्यांनीं हें काम पूर्वीं केलें आहे असा मनुष्य शेजारीं असल्यावांचून हा नाद करूं नये. पुतण्याच्या कारखान्यांतील एक ज्येष्ठ विद्युत्तंत्रज्ञ प्रत्येक टप्प्यास येऊन पाहून जात.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना बहुधा गुरुवारीं सुटी असते. तेव्हां एका गुरुवारीं सायंकाळीं ते भोसरीचे कारागीर आमच्या घरीं आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातांत पेढ्यांचा पुडा. काकूंना त्यांनीं वांकून नमस्कार केला. दिवे तापावयास अर्धा मिनिट लागतें. तेवढा वेळ कोणी बोललें नाहीं.

काय लावावें हें काकूंनींच ठरविलें होतें. पुणें आकाशवाणी केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरास सुरू झालें, आणि १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजीं, तेथून ग. दि. माडगूळकरांचें व सुधीर फडक्यांचें ‘गीतरामायण’ सुरू झालें. वर्षभर छप्पन गीतें झालीं. काकू तेव्हां बारा वर्षांच्या, सदाशिव पेठेंत. सबंध चाळींत एकाकडे परवान्याचा रेडिओ होता. त्या सांगतात, “दारांत चपलांचा ढीग पडे, पण चिमणीचाहि आवाज नसे. माणसें जिन्यावर बसत.” तो रेडिओहि व्हॉल्व्हचाच, त्या काळच्या घरगुती रेडिओची शक्ति तीन-चार वॉटांपलीकडे क्वचितच जाई. एका खोलींतला तेवढा आवाज जिन्यावरच्या माणसालाहि पुरला, ह्याचें श्रेय जितकें यंत्राला तितकेंच त्या चाळीच्या शिस्तीला दिलें पाहिजे.

गाणें सुरू झालें. काकूंची मान पहिल्याच ओळीला हलूं लागली. परंतु आमचे पाहुणे पुढें वांकून बसले होते, हात कानामागें. मग त्यांनीं हळूच सांगितलें, “मला नीट येत नाहीं. आधीं बारा वर्षें प्रेसवर होतो. तेव्हां कानाला कांहीं लावायची पद्धत नव्हती.”

पुतण्याचा हात आवाज वाढविण्याच्या खुंटीकडे गेला. वहिनींनीं त्याला खूण केली आणि उठून पंखा बंद केला. सूनबाईनें स्वयंपाकघराचें दार ओढून घेतलें व खिडक्या लावल्या. आंतल्या खोलींतलें दूरदर्शन बंद झालें. बंधूंनीं आपली आरामखुर्ची सोडून ती कर्ण्याच्या अगदीं जवळ सरकविली आणि पाहुण्यांना तीवर बसविलें. नातवंडें श्वास धरून बसलीं. मीं पुतण्याच्या फोनवर पाहिलें. खोली चौतीसवर आली होती. मग तेंच गाणें पुन्हां पहिल्यापासून लावलें. खुंटी होती तेथेंच होती. एप्रिलचा उकाडा होता; कोणी पंख्याकडे पाहिलें नाहीं. त्या गृहस्थांचा हात कानामागून हळू हळू खालीं आला.

वहिनींनीं पूर्वीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं स्वतःच दिलें होतें. मात्र तें कोणी बोलून दाखविलें नाहीं. दुकानांतला डबा असता तर खुंटी पिळून काम भागलें असतें, आणि पंखा, दूरदर्शन, स्वयंपाकघर हीं सर्व आपापल्या जागीं गर्जत राहिलीं असतीं. तीन वॉटांपाशीं तो मार्ग नसतो. ते घराकडून कांहीं तरी मागून घेतात. आतां आमच्या घरीं दर गुरुवारीं जेवणाआधीं पाऊण तास यंत्र लागतें. रात्रपाळी असली म्हणजे पुतण्या नसतो. सूनबाई दिवे तापविते. इतर दिवशीं बोंडें आहेतच; त्यांचा द्वेष करण्याचें कारण नाहीं.

त्या दिवशीं पेढे झाल्यावर पाहुण्यांनीं यंत्र बंद करावयास लावलें, तें निवूं दिलें, आणि मग आपल्या हातच्या ट्रान्स्फॉर्मरावर बोट ठेवून म्हणाले, “पखवाज थोडा दबतो आहे. फटींतला कागद जाड झाला. दोन्ही बाजूंना आवाज हवा तर दुसरा करावाच लागेल ना? त्याला पातळ कागद घालूं, मग हाहि उघडून बदलूं.” पुतण्या म्हणाला, “मजुरी घ्याल तर करूं.” त्यावर ते चपला घालतां घालतां म्हणाले, “पुढच्या गुरुवारीं ऐकूनच सांगतो, किती घ्यायची ती.”